ओहायोतलं छोटं कॉलेज, तिथे प्रॅक्टिकल खरंच होतं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलीला ओहायोमधल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात ॲडमिशन मिळालीय, सगळी मिळून जेमतेम 1900 मुलं, स्कॉलरशिप बरी दिलीय, तिला बायोलॉजी करायचंय, आणि दुसरीकडे एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीचं लेटरही हातात आहे. घरात सगळे म्हणतायत बारावी सायन्सला एवढे मार्क काढून आर्ट्स कॉलेजला कशाला पाठवता, आणि एवढ्याशा कॉलेजात लॅब तरी कसली असणार. मी ओहायोतच अशा एका छोट्या कॉलेजात 22 वर्षं बायोलॉजी शिकवतेय (तुमच्या मुलीला मिळालंय ते नाही, दुसरं), म्हणून जरा सविस्तर लिहिते, घाईघाईत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही.

आधी ते आर्ट्सचं मिटवून टाकू. आपल्याकडे आर्ट्स, कॉमर्स, सायन्स अशी दहावीनंतरची तीन दारं असतात, त्यातलं हे आर्ट्स नव्हे. इथे लिबरल आर्ट्समध्ये फिजिक्स, मॅथ्स, बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स सगळं येतं, फक्त मेजर, म्हणजे मुख्य विषय, साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा असतो आणि तोपर्यंत इतिहास, भाषा, एखादी कला असंही थोडंथोडं करावं लागतं. डिग्रीवर बऱ्याच ठिकाणी बीए लिहिलेलं असतं, बायोलॉजीलासुद्धा, आणि ते बघून आपल्याकडच्या लोकांच्या पोटात गोळा येतो. क्रिस्पर या जीन एडिटिंगच्या कामासाठी 2020 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना यांची पहिली डिग्री पोमोना कॉलेजची बीएच आहे, आरएनएच्या कामासाठी 1989 चं नोबेल मिळालेले थॉमस चेक आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचे बीए. त्यामुळे मामा-काकांना एवढंच सांगा की बीए या अक्षरांवर जाऊ नका.

आता खरा प्रश्न, प्रॅक्टिकलचा. मी स्वतः कोल्हापुरात बीएस्सी केलं, नव्वदच्या दशकात. कॉलेजचं नाव घेत नाही, आणि शिक्षक प्रेमळ होते, पण प्रॅक्टिकल म्हणजे काय तर आधीच्या बॅचचं जर्नल मिळवायचं, ते शेजारी ठेवायचं आणि रीडिंग्ज त्याच्या आसपास येतील अशी लिहायची. पेंडुलमवरून जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा आकडा, काढायचा तर अख्ख्या वर्गाचं उत्तर 9.8. टायट्रेशनचं रीडिंग जमलं नाही तर परत करायला वेळ नसायचा, चाळीस पोरं आणि सहा ब्युरेट, मग शेजारणीचं बघून आकडा टाकायचा. जर्नल सर्टिफाय झालं की सुटलो. मी हे तक्रार म्हणून सांगत नाहीये. त्या पद्धतीने माझ्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती की उत्तर आधीच कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं आणि आपलं काम त्याच्यापर्यंत पोचण्याचं, आणि ती काढून टाकायला मला पीएचडीची दोन वर्षं गेली. छोट्या कॉलेजात चांगलं काही होत असेल तर ते हे, की ही सवय अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच मोडते. मशीन किती आहेत हा त्यानंतरचा प्रश्न.

एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी सोलापूरची एक मुलगी माझ्याकडे होती, दुसऱ्या वर्षाला. आमच्या गावाबाहेर एक ओढा आहे, त्याच्यावर आम्ही दर वर्षी मुलांना काम देतो, वेडर्स म्हणजे छातीपर्यंतचे रबरी गमबूट घालून पाण्यात उतरायचं, तळाचे दगड पायाने हलवायचे आणि खाली जाळं धरून जे किडे वाहत येतील ते गोळा करायचे. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांची पिल्लं भरपूर मिळाली तर पाणी चांगलं, नाही मिळाली तर कुठेतरी गडबड आहे, एवढं साधं तत्त्व. सोबत पाण्याचं तापमान, ऑक्सिजन, कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, क्षार जास्त तर आकडा जास्त) मोजायची. तिला मी दोन जागा दिल्या, एक गावाच्या वर शेतांजवळ आणि एक गावाच्या खाली, जिथे मोठ्या दुकानांच्या पार्किंगचं पाणी ओढ्याला मिळतं.

फेब्रुवारीत तिने महिन्याचा डेटा आणून दिला, अगदी सुबक, कंडक्टिव्हिटीचे सगळे आकडे पाचशे-सहाशेच्या घरात. मी वही मागितली. वहीत खालच्या जागेचे तीन आकडे पेन्सिलने खोडलेले होते, त्यातला एक दोन हजारांच्या वर. विचारलं हे काय, तर म्हणाली मॅम मीटर खराब झालं होतं, ती रीडिंग्ज चुकीची आली म्हणून काढली. मी तिला ओरडले नाही, कारण तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. एवढंच विचारलं की मीटर खराब आहे हे तुला कसं कळलं? ती बराच वेळ गप्प बसली. मग आम्ही 1413 चं स्टँडर्ड सोल्युशन काढलं, हे मीटर तपासायला वापरतात, त्याची कंडक्टिव्हिटी ठरलेली असते, 1413 मायक्रोसिमेन्स. मीटर बुडवलं तर 1410. म्हणजे मीटर ठणठणीत होतं आणि ओढाच खारट झाला होता.

इकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून मीठ टाकतात, खडे मीठ, ट्रकच्या ट्रक. बर्फ वितळलं की ते सगळं गटारातून ओढ्यात. सोलापूरच्या मुलीला हे कुठून माहीत असणार, तिने तोपर्यंत रस्त्यावर मीठ टाकताना कधी पाहिलंच नव्हतं. पण एकदा कळल्यावर तिला थांबवणं अवघड झालं. ती गावाच्या रस्ते विभागात गेली, कुठल्या दिवशी मीठ टाकलं त्याच्या तारखा घेऊन आली, बर्फ पडल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ओढ्यावर जायला लागली, हात सुजायचे थंडीने. उन्हाळ्यात कॉलेजच्या पैशातून आठ आठवडे थांबली आणि तेव्हा लक्षात आलं की बर्फ नसतानाही खालच्या जागेचा आकडा वरच्यापेक्षा चढाच राहतो, कारण मीठ जमिनीखालच्या पाण्यात मुरलेलं असतं आणि हळूहळू झिरपत राहतं. मेफ्लायची पिल्लंही खाली कमीच सापडली. शेवटच्या वर्षी तिचा थिसिस त्याच्यावरच झाला, त्यात ती खोडलेली तीन रीडिंग्ज पहिल्याच ग्राफमध्ये आहेत. आता ती एका शहराच्या पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये नोकरी करते.

या सगळ्यात महाग मशीन एकही नाही बघा, जाळं, मीटर आणि वेडर्स. ती वही मी स्वतः बघितली आणि पेन्सिलीची खोडाखोड माझ्या नजरेला पडली, कारण माझ्या त्या लॅबमध्ये चौदा मुलं होती. छोट्या कॉलेजचा मुख्य मुद्दा हा आहे. आमच्याकडे पीएचडीचे विद्यार्थी नसतात, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर रिसर्च करणारे नसतात, त्यामुळे लॅब शिकवायला प्रोफेसरच उभा असतो आणि रिसर्च करायचा तर हाताखाली पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरंच असतात, त्यांच्यावरच विसंबावं लागतं. मोठ्या युनिव्हर्सिटीत आमच्यापेक्षा कितीतरी भारी लॅब असतात, हे खोटं नाही, पण तिथे पहिल्या वर्षाचे वर्ग शेकड्यांचे असतात, लॅब बहुतेक वेळा एखादा पीएचडी करणारा मुलगा घेतो, आणि भारी मशीनपर्यंत पोचायच्या रांगेत पहिल्या डिग्रीची मुलं सगळ्यात मागे. हुशार आणि धीट पोरं तिथेही पुढे जातातच, मी पाहिलीत, पण लाजाळू मुलगी तिथे चार वर्षं कुणाच्या नजरेला न पडता काढू शकते. इथे ते जमत नाही, दोन लेक्चर बुडवली तर तिसऱ्या दिवशी मी मेल करते.

ग्रिनेलचीच एक गोष्ट मी पहिल्या वर्षाच्या मुलांना नेहमी सांगते. डिसेंबर 1947 मध्ये बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर, म्हणजे आजच्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सचा पाया असलेला छोटा भाग, तयार झाला, 1948 मध्ये तो जाहीर झाला, तेव्हा मोठमोठ्या युनिव्हर्सिटीतही तो फारच थोड्यांना माहीत होता. ग्रिनेलला ग्रँट गेल नावाचे फिजिक्सचे प्रोफेसर होते, त्यांनी ओळखीतून बेल लॅब्सकडून ट्रान्झिस्टरची माहिती मिळवली आणि आयोवाच्या मक्याच्या शेतांमधल्या त्या छोट्याशा कॉलेजात मुलांसमोर ठेवली. त्या वर्गात रॉबर्ट नॉइस होता, 1949 ला तिथून पास झाला, पुढे 1968 मध्ये गॉर्डन मूरबरोबर इंटेल काढली. तो एमआयटीला पीएचडीला गेला तेव्हा ट्रान्झिस्टरबद्दल तिथे फारसं कुणाला काही ठाऊक नव्हतं. सगळेच नॉइस होत नाहीत, हे उघड आहे. मला त्या गोष्टीत भावतात ते गेल सर, की नवीन वस्तू आली, मला स्वतःलाही ती पुरती कळलेली नाही, या पोरांनो आपण मिळून बघू, असं म्हणणारा मास्तर.

आणि हे फक्त सायन्सपुरतं नाही. ओहायोतच वूस्टर नावाचं कॉलेज आहे, तिथे 1940 च्या दशकापासून प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी स्वतःचा स्वतंत्र अभ्यास पूर्ण करावाच लागतो, विषय कुठलाही असो, हुशार मुलांपुरता नाही, सगळ्यांना. पोर्टलंडच्या रीड कॉलेजातही थिसिस सक्तीचा आहे, आणि तिथे तर 1968 पासून एक छोटी अणुभट्टी आहे, ती चालवतात कोण तर बीए करणारी मुलं, सरकारी परीक्षा देऊन लायसन घेऊन, त्यात इंग्रजी आणि फिलॉसॉफीवालीही असतात. वीस वर्षांच्या मुलाच्या हातात अणुभट्टी देण्यासाठी आधी त्याला किती नीट शिकवावं लागत असेल याचा विचार करा. आमच्या इतिहास विभागातली मुलं गावातल्या जुन्या कुटुंबांची पत्रं आणि हिशेबाच्या वह्या घेऊन बसतात, फाटलेली पानं कशी हाताळायची, अक्षर कसं लावायचं, कशावर विश्वास ठेवायचा हे शिकतात. माझ्या दृष्टीने तेही प्रॅक्टिकलच.

कामाचंही सांगते, कारण आपल्याकडे मुलांनी शिकताना नोकरी करणं म्हणजे घरची ओढाताण असा अर्थ काढतात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. छोट्या कॉलेजात ही कामं बऱ्याचदा शिकण्याचीच असतात, लॅबच्या स्टॉकरूममध्ये केमिकल्स मोजून ठेवणं, ग्रीनहाऊस सांभाळणं, खालच्या वर्गाच्या मुलांना गणित समजावणं. केंटकीत बेरिया कॉलेज आहे, ते 1892 पासून कुणाकडून ट्युशन फी घेत नाही आणि प्रत्येक मुलाला आठवड्याला किमान 10 तास काम करावंच लागतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम कर्मवीर भाऊराव आठवले. माझे वडील रयतच्या बोर्डिंगमध्ये राहून कमवा आणि शिका मधून शिकले, संस्था 1919 ची आणि वडिलांच्या हाताला शेवटपर्यंत त्या कुदळीचे घट्टे होते, त्यांना त्याची लाज कधी वाटली नाही. त्यामुळे तुमची मुलगी डायनिंग हॉलमध्ये ताटं उचलतेय असा फोटो आला तर रडू नका.

आता उणी बाजू, तीही तितकीच खरी आहे आणि ती सांगितली नाही तर मी तुमची फसवणूक करीन. एका विभागात चार-पाच प्रोफेसर, त्यातला एक वर्षभर सबॅटिकलवर, म्हणजे रिसर्चच्या रजेवर, गेला की त्याचा कोर्स त्या वर्षी नाहीच. इम्युनॉलॉजी तीन वर्षांत एकदाच मिळाली म्हणून रडकुंडीला आलेल्या मुली मी पाहिल्यात. इंजिनिअरिंग बहुतेक ठिकाणी नसतं. गाव छोटं असतं, गाडीशिवाय अडायला होतं, नोव्हेंबर ते मार्च आभाळ राखाडी, भारतीय मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि पहिल्या ऑक्टोबरमध्ये जवळजवळ प्रत्येकीचा घरी रडून फोन जातोच. भारतात परत येऊन नोकरी शोधायची तर कॉलेजचं नाव कुणी ऐकलेलं नसतं, सांगत बसावं लागतं. कंपन्या मोठ्या युनिव्हर्सिटीत झुंडीने येतात तशा आमच्याकडे येत नाहीत, जुन्या विद्यार्थ्यांच्या ओळखीवर बरंच चालतं.

शिवाय अमेरिकेत सध्या छोटी कॉलेजं बंदही पडतायत. न्यूयॉर्क राज्यातलं 1868 सालचं वेल्स कॉलेज 2024 मध्ये बंद झालं, त्याच वर्षी अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्नही गेलं, आणि मुलांना अर्ध्यातून दुसरीकडे जावं लागलं. त्यामुळे कॉलेजची आर्थिक तब्येत बघा. बहुतेक खासगी ना-नफा कॉलेजांना दर वर्षी 990 नावाचा फॉर्म सरकारला द्यावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो, तुमच्या ओळखीच्या एखाद्या सीएला दाखवा, काही वर्षं सलग तोटा आहे का, फीचं उत्पन्न घसरतंय का, एवढं त्याला कळेल. हे मी अगदी काकुळतीने सांगतेय, माहितीपत्रकातले हिरवळीचे फोटो बघून निर्णय घेऊ नका.

आणि एक गोष्ट जी जवळजवळ कुणीच सांगत नाही. उन्हाळी रिसर्चसाठी इथे आरईयू नावाचे सरकारी प्रोग्रॅम असतात, नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातले, ते अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात. आपल्या मुलांना ते तिसऱ्या वर्षी अर्ज भरताना कळतं आणि मग सगळा उन्हाळा हातातून जातो. म्हणून कॉलेजचा स्वतःचा उन्हाळी रिसर्चचा फंड आहे का आणि तो एफ-1 वाल्यांना मिळतो का हे आत्ताच विचारा. मिळत असेल तर तो मुद्दा माझ्या मते स्कॉलरशिपच्या पाच-सात हजार डॉलरपेक्षाही मोलाचा आहे.

बाकी विचारायचं तर हे विचारा की बायोलॉजीतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी स्वतःचा प्रोजेक्ट किती जण करतात, सगळे की फक्त ऑनर्सवाले, मागच्या वर्षीच्या थिसिसची नावं पाठवता का, पहिल्या वर्षाची लॅब कोण घेतं. स्कॉलरशिप चार वर्षं तेवढीच राहते की फी वाढली की वाढते, जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी किती खाली गेली तर बंद होते. हे आकडे जे कॉलेज लगेच देतं त्याच्यावर विश्वास ठेवा, जे नुसतं आमची कम्युनिटी फार छान आहे असं लिहून पाठवतं तिथे जरा थांबा. मोठ्या युनिव्हर्सिटीलाही हेच प्रश्न पाठवा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा, तिथे एखादा चांगला ऑनर्स प्रोग्रॅम असेल आणि फी खरंच कमी पडत असेल तर मी तिकडेही पाठवा म्हणेन, मला माझ्या कॉलेजची जाहिरात करायची नाहीये.

मुलगी कशी आहे हे मात्र तुम्हीच ओळखा. लॅबचं दार उघडं असलं तरी आत पाऊल तिलाच टाकावं लागतं. आपल्या मुलांना सरांना प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा वाटतो, ऑफिस अवर्समध्ये ती दाराबाहेर उभी राहतात, मी आत या म्हटलं तरी पहिले सहा महिने सॉरी मॅमने सुरुवात. ती सोलापूरची मुलगीही अशीच होती, पहिल्या वर्षभरात माझ्याशी मिळून दहा वाक्यं बोलली असेल. मी वही मागितली नसती तर ती सुबक डेटा देऊन निघून गेली असती आणि आम्ही दोघी समाधानी राहिलो असतो, हे आठवलं की अजूनही मला अस्वस्थ व्हायला होतं, कारण अशा किती वह्या माझ्याकडून बघायच्या राहिल्या असतील.

म्हणून एक करा. डिपॉझिट भरायची तारीख बहुतेक कॉलेजांची 1 मे असते, अजून वेळ आहे. मुलीला दोन्हीकडच्या बायोलॉजीच्या प्रोफेसरांची पानं वाचू द्या, प्रत्येक ठिकाणच्या दोघांना तिने स्वतः मेल लिहावी, तुम्ही नाही, एजंटने तर नाहीच, आणि चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली तर आम्हाला पहिल्या ओळीत कळते. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. तुम्ही कशावर काम करता ते वाचलं, त्यातलं मला हे कळलं नाही, पहिल्या वर्षाच्या मुलीला तुमच्या लॅबमध्ये काय करता येईल, एवढं पुरे. कोण उत्तर देतं, किती दिवसांत देतं आणि त्यात तिच्या प्रश्नाचं उत्तर असतं की छापील मजकूर, ते बघा.

इकडेच यायचं ठरलं तर बॅगेत गरम मोजे जास्त टाका. गमबूट आणू नका, वजन वाया जातं, आमच्यासारख्या लॅबमध्ये वेडर्स सगळ्या मापांचे टांगलेले असतात.